सव्वाएकचे पोस्टमास्तर

दाताच्या दवाखान्यात शिरलं की डॉक्टर काही लगेच दिसत नाहीत. आधी दिसतात पेनताई. लाकडी काउंटर, त्यावर ठोकळ्यासारखा जुना कॉम्प्युटर, त्याच्यामागे अर्ध्या झाकलेल्या ताई आणि त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं निळं बॉलपेन. कॉम्प्युटर येऊन अठरा वर्षं झाली तरी पेन काही अंबाड्यातून उतरलं नाही. "यंत्राचा काय भरवसा?" असं त्या म्हणायच्या. त्यांचं खरं नाव पेशंटांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

सव्वीस वर्षं त्या त्याच खुर्चीत बसत होत्या. जिन्यावरच्या पावलांवरून त्यांना पेशंट ओळखता यायचा. कठडा धरून रेंगाळत येतो तो घाबरलेला, दोन-दोन पायऱ्या चढत येतो त्याचं खरंच दुखतंय, आणि अर्ध्या जिन्यावरून परत फिरतो त्याला खिडकीतून हाक मारून वर आणायचं. भोकाड पसरणारी मुलं, "मला दोनच मिनिटं हवीत" म्हणत आत घुसू पाहणारे शहाणे, नंबरावरून हमरीतुमरीवर येणारी वयस्क मंडळी, सगळ्यांना त्यांनी सुतासारखं सरळ केलं होतं. त्यांच्यापुढे सरळ झाला नव्हता तो एकच माणूस. ते म्हणजे खुद्द डॉक्टर.

डॉक्टरांचा हात हलका, जीभ गोड आणि स्वभाव असा की "नाही" हा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. जेवायला बसले आणि बाहेर कुणी कण्हलं, की डब्याचं झाकण परत लागलंच म्हणून समजा. त्यात त्यांना साखरेचा आजार. वेळेवर पोटात काही गेलं नाही की डोळ्यांपुढे अंधारी. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी पेशंटच्या तोंडात आरसा धरलेला असतानाच ते मटकन खाली बसले. मग त्या पेशंटनेच तोंडातला कापूस काढला, उठून डॉक्टरांना खुर्चीत निजवलं आणि बाहेर येऊन ताईंना सांगितलं, "तुमचा पेशंट आत झोपलाय, जरा बघा."

गावभर हसू झालं, पण ताईंना हसू आलं नाही. डॉक्टरांची बायको आधीच वारलेली, मुलगा परगावी. या माणसाला आता जेवायला लावणार कोण? तेव्हापासून ताईंनी कंबर कसली. त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅलेंडरमध्ये रोज सव्वाएक ते दोन या वेळेत "डॉक्टरांचं जेवण" असं लिहून टाकलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जेवण काय पळून जातंय? इथे त्या गल्लीतल्या आजींना बसवा." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ताईंनी विनवण्या केल्या, धाक घातला, एकदा तर चक्क रडून पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना आपला रुमाल दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

असं वर्षभर चाललं. मग ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टर स्वतःची वेळ कुणालाही देतील, पण एका पेशंटची वेळ दुसऱ्याला देणार नाहीत. जीव गेला तरी नाही. कॅलेंडरमध्ये एकदा कुणाचं नाव पडलं, की तो माणूस येवो न येवो, ती वेळ त्याची. "त्याने आपल्यावर विश्वास ठेवलाय, बाई," असं ते म्हणायचे. हे ध्यानात आलं त्या दिवशी ताईंनी अंबाड्यातलं पेन काढून उगाचच कागदावर रेघोट्या मारल्या, मग कॉम्प्युटर पुढे ओढला आणि सव्वाएकच्या घरात एक माणूस जन्माला घातला.

निवृत्त पोस्टमास्तर. डाव्या बाजूची खालची दाढ, रूट कॅनाल.

दुपारी सव्वाएकला पोस्टमास्तर अर्थातच आले नाहीत. येतात कुठून! डॉक्टरांनी दोनदा विचारलं, ताई दोनदा "येतीलच" म्हणाल्या, मग डॉक्टर डबा घेऊन आत गेले आणि दार लोटलं गेलं. दोन वाजेपर्यंत आत टाचणी पडल्याचाही आवाज नाही. ताईंना वाटलं, जिंकली लढाई! खाऊन घटकाभर लवंडले असणार.

पण एकटा पोस्टमास्तर रोजरोज किती पुरणार? म्हणून मंगळवारी नि शुक्रवारी संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या, म्हणजे कॅलेंडरमध्ये आल्या. त्यांच्या हिरड्या नाजूक होत्या. बुधवारी नि शनिवारी जहाजावरचे एक कॅप्टन. त्यांचा पुढचा दात हलत होता. कॅप्टन ताईंचे विशेष लाडके, कारण ते का आले नाहीत हे सांगायला काही डोकं खाजवावं लागत नसे. गेले बोटीवर! नावं तिघांनाही साधी, कुठेही खपतील अशी दिली होती. अडचण एवढीच की जुना प्रोग्राम फोन नंबर घातल्याशिवाय नोंद घेत नसे. ताईंनी पोस्टमास्तरांना आपल्या मिस्टरांचा नंबर दिला, संगीतबाईंना नणंदेचा, आणि कॅप्टनना घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांचा. आजोबांना ऐकू येत नसे, त्यामुळे तिथून धोका नाही असा ताईंचा हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, आठवड्यातून दोनदा वेळ घेऊन अकरा वर्षं न येणाऱ्या पेशंटवर कोण विश्वास ठेवील? तर हे डॉक्टर ठेवतील. त्यांना कधी संशय आला नाहीच, उलट काळजीच वाटू लागली. "बाई, पोस्टमास्तरांची दाढ आता पार आतून गेली असेल हो," ते हात धुता धुता म्हणायचे. "दुखायची थांबली म्हणून ते येत नसतील. तेच वाईट असतं. फोन करा बघू त्यांना, माझ्यासमोर करा." मग ताईंना घरी फोन लावावा लागे. "नमस्कार, दाताच्या दवाखान्यातून बोलतेय," त्या म्हणत. पलीकडून मिस्टर ओरडत, "अगं, झालंय काय तुला? ऊन लागलं का?" त्यावर ताई गंभीरपणे म्हणत, "बरं, बरं. मग पुढच्या सोमवारी नक्की या," आणि फोन ठेवून देत.

एक खोटं निभवायला माणसाला काय काय करावं लागतं! सव्वाएक वाजला की ताई पायातल्या चपला काढायच्या, म्हणजे फरशीवर आवाज नको. दाराच्या घंटीला फडकं बांधायच्या. बाकावर कुणी खोकलं तर त्याच्याकडे असं बघायच्या की त्याचा खोकलाच बसावा. कुणाला तातडीने आत जायचं असलं तर "आत पेशंट आहे" असं सांगायच्या. अकरा वर्षं दवाखान्यात पाऊण तास सगळी मंडळी चवड्यांवर चालत होती, आणि बंद दाराकडे बघून ताईंना रोज मनातून गार वाटायचं. ते खोटं त्यांना डाचत नव्हतं का? डाचत होतं ना. पण डॉक्टर परत कधी पडले नव्हते.

आणि मग सूनबाई आली.

डॉक्टरांचा मुलगा बायकोला घेऊन परत आला. सून स्वतः दातांची डॉक्टर, हुशार, चटपटीत, केस आखूड आणि बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच आठवड्यात तिने जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, हा अजून चालतो?" ताईंना ते वर्मी लागलं. त्यांच्याबद्दलही हा प्रश्न कुणी तरी लवकरच विचारणार असं त्यांना वाटून गेलं. पंधरा दिवसांत टेबलावर नवा कॉम्प्युटर येऊन बसला, पातळ, चकचकीत. तो म्हणे पेशंटांना आपणहून मेसेज पाठवतो, कोण आलं कोण नाही याची मोजदाद ठेवतो. "जुन्यातलं सगळं कॅलेंडर यात घ्यायचं," सूनबाई म्हणाली. "अगदी पहिल्या दिवसापासून."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बिंग फुटलं तर सव्वीस वर्षांचा विश्वास मातीत जाणार, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांचं जेवण जाणार. पोस्टमास्तर नाहीत हे एकदा कळलं की सव्वाएकच्या घरात गल्लीतल्या आजी येऊन बसल्याच.

"मी हाताने लिहून घेते की सगळं," ताई म्हणाल्या. "माझं अक्षर चांगलं आहे."

"ताई, चाळीस हजार नोंदी आहेत."

"मग काय झालं? रोज थोडं थोडं."

कॉम्प्युटरवाले सोमवारी येणार असं ठरलं.

शनिवारी दवाखाना लवकर बंद झाला आणि ताई किल्ली घेऊन मागे थांबल्या. जुन्या प्रोग्राममध्ये एका वेळी एकच नोंद काढता यायची, आणि दर वेळी तो विचारायचा, "खरंच काढायचं?" ताई म्हणायच्या, "हो रे बाबा, काढ," आणि बटण दाबायच्या. पोस्टमास्तर काढले, संगीतबाई काढल्या. खरंच काढायचं? हो. खरंच काढायचं? अरे हो म्हटलं ना मेल्या! कॅप्टनला काढताना त्यांचा हात जरा जड झाला. शनिवार गेला, रविवारी त्या घरी "बहिणीकडे जाते" असं सांगून पुन्हा आल्या. रविवारी दिवस कलायच्या सुमारास तिघेही पडद्यावरून नाहीसे झाले. ताईंची बोटं आखडली होती, मान धरली होती, पण त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जुन्या कॉम्प्युटरला हाताने थोपटलं.

सोमवारी कॉम्प्युटरवाले आले. पन्नाशीचे, गोल पोटाचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ. जुन्या यंत्राला नव्याची वायर बसेना, नव्याला जुन्याची भाषा समजेना. शेवटी त्यांनी मधे आपलं एक तिसरंच यंत्र जोडलं आणि गाडी सुरू झाली. पहिल्या खेपेला असा घोळ झाला की विचारू नका. जुना कॉम्प्युटर आधी तारीख लिहायचा आणि मग महिना, नवा आधी महिना वाचायचा आणि मग तारीख. त्यामुळे बारा तारखेपर्यंतचे पेशंट भलत्याच महिन्यांत जाऊन बसले आणि तेरापासून पुढचे कुठेच बसेनात. ताई हरखल्या. "नाही ना जमत? राहू द्या मग. जुनाच बरा होता," त्या म्हणाल्या. पण गृहस्थ हाडाचे कारागीर. त्यांनी दुसऱ्या खेपेला तारखा सरळ केल्या, चष्मा नाकावर घेतला आणि खुशीत म्हणाले, "ताई, आणखी एक गंमत सांगतो. हे जुने प्रोग्राम काही खोडत नाहीत. काढलं म्हटलं की नुसती खूण करून लपवून ठेवतात. तुमच्याकडून चुकून तीन पेशंट गेले होते, अकरा वर्षांचे. मी शोधून सगळेच्या सगळे परत आणले! काळजीच नको."

ताईंना त्याक्षणी त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्यांनी त्यांना चहा विचारला.

नव्या कॉम्प्युटरने आल्या आल्या आपलं काम चोख केलं. पडद्यावर एक लाल यादी आली आणि सूनबाई ती मोठ्याने वाचू लागली. "काम अपुरं, वेळ घेऊन न आलेले. पहिला, निवृत्त पोस्टमास्तर. न आलेल्या वेळा, एक हजार एकशे चार." ती थांबली. तिने पडदा पुसला आणि पुन्हा वाचलं. "एक हजार एकशे चार? दुसऱ्या बाई, एक हजार नव्वद. तिसरे... ताई, ही काय माणसं आहेत का कोण आहेत?"

"कामाच्या गडबडीत राहून जातं एखाद्याचं," ताई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"हजार वेळा? मी या तिघांना आत्ताच्या आत्ता काढून टाकते."

आणि इथे ताई वाचल्या असत्या हो! सूनबाईचं बोट बटणावर होतं. ताईंनी मनातल्या मनात सगळ्या जगाला हात जोडले. तेवढ्यात आतून हात पुसत डॉक्टर आले.

"कुणाला काढताय?" त्यांनी विचारलं. यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. "छे छे, पोस्टमास्तरांना नाही काढायचं. अगं, ते मुद्दाम नाही करत. भितात ते. जिन्यापर्यंत येऊन परत जात असतील, मला माहीत आहे ना. हे तुझं यंत्र मेसेज पाठवतं म्हणतेस, तर पाठव तिघांनाही. म्हणावं, आज सव्वाएकला या, कुणी रागावणार नाही, अजिबात दुखणार नाही. डॉक्टर स्वतः वाट बघताहेत, असं लिही, आणि ज्याची जी तक्रार तीही."

"पण आज..." ताईंनी तोंड उघडलं.

"गेला," सूनबाई म्हणाली. नवा कॉम्प्युटर टिंग वाजला.

तेव्हा साडेअकरा झाले होते. ताई फोन घेऊन मागच्या बोळात पळाल्या. मिस्टरांचा फोन लागेना, ते दुसरीकडे बोलत होते. नणंदेचा लावला, तोही तसाच. ते दोघं कुणाशी बोलत होते हे ओळखायला काही ज्योतिषी नको होता. परत लावणार तर सूनबाईने हाक मारली, मग एकाची दाढ, मग एकीचा सुजलेला गाल, मग कॉम्प्युटरवाल्यांना निरोप. एक वाजून दहा मिनिटांनी ताईंना जिन्यावर पावलं ऐकू आली. कठडा धरून, रेंगाळत, एक. ठामपणे, टाचा आपटत, दुसरं. तिसरं थांबत थांबत, काठीच्या ठोक्यांसकट.

मिस्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सारा जन्म वीजमीटरचे आकडे वाचण्यात गेलेला हा माणूस दवाखान्याच्या खालच्या फाटकाच्या आत कधी आला नव्हता, त्याला सुईच्या नुसत्या विचाराने घाम फुटायचा. डॉक्टरांनी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. पण आज त्यांचा चेहरा प्रेमाने ओथंबला होता. "अगं, सांगायचं तरी," ते काउंटरवर वाकून म्हणाले. "दोन महिने दाढ दुखतेय, तू ओरडशील म्हणून बोललो नाही. तुला कशी कळली? आणि किती गोड लिहिलंयस, कुणी रागावणार नाही म्हणून!"

"आपण कोण?" ताई कोरड्या आवाजात म्हणाल्या, कारण शेजारी सूनबाई उभी होती.

"आपण कोण काय? वहिनी, बरी आहेस ना?" नणंदबाई पुढे सरसावल्या. "मला हिरड्यांचा त्रास आहे हे तुला कुणी सांगितलं? मला काहीही त्रास नाही. पण फुकट बघणार असतील तर बघू देत."

मागे वरच्या मजल्यावरचे आजोबा मेसेज दाखवत उभे होते. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि ते फार आनंदात होते.

सूनबाईने पडद्याकडे पाहिलं, तिघांकडे पाहिलं. "पोस्टमास्तर कोण?" तिने विचारलं. मिस्टरांनी मागे वळून पोस्टमास्तर शोधला. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले, आणि घड्याळात बरोब्बर सव्वाएक वाजता आलेल्या त्या घामाघूम माणसाला त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"पोस्टमास्तर!" डॉक्टर पुढे धावले. त्यांनी मिस्टरांचे दोन्ही हात धरले. "आलात! शेवटी आलात! या, काही बोलू नका, मला सगळं ठाऊक आहे."

आणि काही बोलू न देता ते मिस्टरांना आत घेऊन गेले. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. "आ करा. अजून मोठा. डावी बाजू, खालची... अरेच्चा! ही तर ठणठणीत आहे. अकरा वर्षं मी या दाढेची काळजी करतोय आणि हिला साधा डागसुद्धा नाही? मग उजवीकडे वर हे काय... बाप रे! पोस्टमास्तर, हे तर तुम्ही कधी बोललाच नाहीत!"

"अं... ओश... ना... ई..." मिस्टर म्हणत होते. तोंडात कापूस असताना मी पोस्टमास्तर नाही हे सांगणं फार अवघड असतं.

ताईंनी दार ढकललं. "डॉक्टर, ते पोस्टमास्तर नाहीत," त्या म्हणाल्या. "ते माझे मिस्टर आहेत. पोस्टमास्तर असे कुणी नाहीतच. संगीतबाई पण नाहीत. कॅप्टन पण नाहीत. मीच त्यांना तयार केलं, तुम्ही जेवावं म्हणून. तुम्ही दुसऱ्या कशाने ऐकत नव्हता."

मिस्टरांनी तोंड आ करून ठेवलं होतं ते तसंच. डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि स्टुलावर बसले. ताईंना वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे कुणीच येणार नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नाही हो, डॉक्टर."

"बाई, मी रोज तयारी करून बसायचो," डॉक्टर हळूच म्हणाले. "हातमोजे घालून. ट्रे मांडून. घाबरट माणूस, आला आणि मी जेवत असलो तर उलट्या पावली परत जाईल, असं वाटायचं. त्याची पावलं ऐकू यावीत म्हणून मी हालचालसुद्धा करायचो नाही. तुम्ही बाहेर सगळ्यांना गप्प बसवायचात ना, मला वाटायचं तेवढ्याचसाठी."

ताईंना पहिल्यांदा नीट समजलंच नाही. "आणि डबा?" त्यांनी विचारलं.

"चार वाजता. दोन घास, उभ्याउभ्या."

अकरा वर्षं! त्या काढलेल्या चपला, ते घंटीचं फडकं, ते चवड्यांवर चालणं, आणि दाराच्या पलीकडे हा माणूस उपाशीपोटी हातमोजे घालून पोस्टमास्तरांची वाट बघत बसलेला. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांचा राग आला, स्वतःचा त्याहून दुप्पट आला, आणि ज्या पोस्टमास्तरांना त्यांनी स्वतःच जन्माला घातलं होतं त्यांचा तर इतका आला की समोर असते तर दाढ बिनइंजेक्शनची उपटली असती.

"उठा," त्या म्हणाल्या.

"बाई, आधी यांची दाढ..."

"दोन महिने दुखतेय ना? अजून पाऊण तास दुखू दे. अहो, उठा तुम्ही खुर्चीतून!" हे मिस्टरांना. मिस्टर कापसासकट उठले आणि भिंतीला लागून उभे राहिले. "डॉक्टर, तुम्ही बसा इथे. मला आता कुणाची नावं सांगायची नाहीत. मला भीती वाटते. रोज वाटते. हे दार उघडल्यावर तुम्ही खाली पडलेले दिसाल अशी भीती घेऊन मी सव्वीसपैकी बारा वर्षं त्या काउंटरवर काढलीत. मला उद्या कामावरून काढा हवं तर. पण आज माझ्यासमोर जेवा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हातमोजे काढले, एक एक बोट सोडवत, आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. दारात सूनबाई उभी होती. तिने डबा आणून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ताई, मी पण आल्यापासून दुपारची जेवलेले नाही. बाबा जेवत नाहीत म्हटल्यावर मी कशी जेवू?"

"मग आणा तुमचाही," ताई म्हणाल्या. "आणि अहो, तुम्ही बाहेर बसा, कापूस काढू नका."

डॉक्टर जेवले. अर्धं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कॅप्टनसुद्धा नाहीत? मला वाटायचं, कधी तरी त्यांना समुद्राबद्दल विचारावं." ताईंनी मान हलवली. डॉक्टर जरा वेळ घास हातात धरून बसले, मग उरलेलं सगळं संपवलं. ताईंनी पायाने खालची कळ दाबली आणि खुर्ची आडवी केली. "पाचच मिनिटं," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या मिनिटाला ते घोरत होते. कसलं नाजूक घोरणं नव्हे, खिडकीची काच थरथरावी असं.

बाहेर बाकावर नणंदबाई आजोबांना जोरजोरात सगळी हकिगत सांगत होत्या आणि आजोबा भलतीकडेच बघून हसत होते. तेवढ्यात जिन्यावर दोन-दोन पायऱ्या चढणारी पावलं वाजली. गालाला हात लावलेला एक माणूस धापा टाकत आत आला. "डॉक्टर आहेत का? फार दुखतंय. आत पेशंट आहे का?"

ताईंची जीभ सवयीने वळली होती. ती त्यांनी आवरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर झोपलेत."